तारीख कोर्टाची आणि तारीख तिकिटाची

मंडळी, या सदरात आजवर मधुमेह, ब्लड प्रेशर, मुलांच्या कॉलेजसाठी बचत, टर्म इन्शुरन्स अशा अब्रूदार विषयांवर लेख आले. आजचा विषय तितका अब्रूदार नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप डोक्यावर असताना राज्याबाहेर किंवा देशाबाहेर जावे का, आणि जायचेच असेल तर कसे जावे, याबद्दल मला लिहायचे आहे. हे मी 'एका परिचिताच्या' अनुभवावरून लिहीत नाही. आरोपी मीच होतो.

मी वकील नाही, त्यामुळे हा लेख वाचून कोणी वकिलाचे पैसे वाचवायला जाऊ नये. उलट वकिलाकडे लवकर जावे, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

आम्ही पेनसिल्व्हेनियात बक्स काउंटीत राहतो आणि माझी नोकरी प्रिन्स्टनला, म्हणजे न्यू जर्सीत. रोज सकाळी डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडायचा आणि संध्याकाळी परत यायचे. आमचा बहुतेक मित्रपरिवार एडिसनच्या बाजूला. त्यामुळे 'राज्याबाहेर प्रवास' हे शब्द कधी माझ्या मनातही आले नव्हते. वाण्याकडे जावे तसे आम्ही राज्याबाहेर जात होतो.

शनिवार, २१ ऑक्टोबर २०१७. लक्ष्मीपूजन होऊन दोन दिवस झाले होते. आमच्याच भागात एका मित्राकडे फराळ होता. धाकटीला ताप होता म्हणून आमची सौ. घरी थांबली आणि मी एकटाच गेलो. चकली, चिवडा आणि यजमानांनी पुण्याहून आणलेली व्हिस्की. नंतर कित्येक महिने मी सर्वांना 'दोनच पेग' सांगत होतो. खरे सांगायचे तर तीन होते, आणि ओतणारा हात सढळ होता. घर चार मैलांवर. रस्ता रोजचा. साडेअकराला निघालो. वळणावर गाडी पिवळ्या रेषेवर गेली आणि मागे दिवे लागले.

पुढचे सविस्तर सांगत नाही. पोलिसांनी रस्त्याच्या कडेला चालून दाखवायला सांगितले, मग हॉस्पिटलात नेऊन रक्ताचा नमुना घेतला. पहाटे अडीचला सौ. मला न्यायला आली. शेजारच्या मुलीला झोपेतून उठवून धाकटीजवळ बसवून आली होती. गाडीत ती एक शब्द बोलली नाही. घराच्या ड्राइव्हवेत गाडी बंद करून एवढेच म्हणाली, "समोरून कोणी येत असतं तर?" या प्रश्नाला आजही माझ्याकडे उत्तर नाही. पुढे मी कोर्टाच्या कागदांबद्दल बरेच लिहिणार आहे, म्हणून आधीच सांगतो: कोणाला इजा झाली नाही हे माझे नशीब होते, त्यात माझे कर्तृत्व काही नव्हते.

त्या रात्री माझ्या हातात आरोपाचा एकही कागद नव्हता. 'रक्ताचा अहवाल आला की कळवू,' एवढेच सांगून मला सोडले होते. आणि इथेच आमच्या मूर्खपणाला सुरुवात झाली.

आम्ही दोघांनी ठरवले की कोणाला सांगायचे नाही. मंडळात मी त्या वर्षी खजिनदार होतो. लोक काय म्हणतील? शेवटी न राहवून एडिसनच्या एका जुन्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "अरे, हा तर ट्रॅफिकचा मामला. दंड भरायचा, क्लासला बसायचं, संपलं. आणि समन्स आलेलं नाही ना? मग केसच नाही. तू खुशाल फिर." मित्राने मनापासून सांगितले होते आणि त्याच्या राज्यापुरते त्यातले अर्धे खरेही होते. न्यू जर्सीत दारू पिऊन गाडी चालवणे हा वाहतुकीचा गुन्हा धरतात. तो गावच्या म्युनिसिपल कोर्टात चालतो, त्याला ज्यूरी नसते. (स्वस्त मात्र तोही नाही. सर्व दंड वेगळे, शिवाय वर्षाला हजार डॉलर असा तीन वर्षे सरचार्ज. आणि तो ट्रॅफिकचाच असल्यामुळे फौजदारी नोंदीसारखा पुसूनही टाकता येत नाही.) पेनसिल्व्हेनियात मात्र हाच फौजदारी गुन्हा आहे. बोटांचे ठसे, जामीन, काउंटी कोर्ट, सगळे आले. पुलाच्या या टोकाला फौजदारी आणि त्या टोकाला ट्रॅफिक! आपण ज्याला 'एकच देश' म्हणतो तो या बाबतीत पन्नास देश आहे.

दुसरी चूक 'समन्स नाही म्हणजे केस नाही' ही. आमच्याकडे रक्ताचा अहवाल यायला काही आठवडे जातात. अहवाल आला की पोलिस तक्रार दाखल करतात आणि समन्स टपालाने घरी येते. म्हणजे अटक आणि समन्स यांच्यामध्ये एक शांत काळ असतो. माणसाला वाटते, विसरले बहुतेक. त्या शांत काळात मी ऑफिसच्या कामासाठी चार दिवस डॅलसला जाऊन आलो. काही झाले नाही. धीर चेपला.

नोव्हेंबरच्या शेवटी सांगलीहून दादाचा फोन आला. आईचे मूत्रपिंड नीट काम करत नव्हते. "घाबरण्यासारखं नाही, पण येऊन जा," तो म्हणाला. या वाक्याचा अर्थ परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला कळतो. मी १४ डिसेंबरचे तिकीट काढले, परतीचे ६ जानेवारीचे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोस्टमन सर्टिफाइड टपालाची चिठ्ठी लावून गेला. मला वाटले क्रेडिट कार्डवाल्यांचे काहीतरी असेल. चिठ्ठी फ्रिजवर लोहचुंबकाखाली अडकली. मंगळवारी, १२ तारखेला, सौ. पोस्टात पार्सल टाकायला गेली म्हणून जाता जाता ते पाकीट घेऊन आली. आत समन्स. प्राथमिक सुनावणी गुरुवारी, २८ डिसेंबरला. मी त्या दिवशी सांगलीत असणार होतो. साध्या टपालाने आलेली दुसरी प्रत नंतर नाताळच्या जाहिरातींच्या ढिगात सापडली.

मी पहिल्यांदा काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "हे पाकीट आपण उघडलंच नाही असं समजू. मी जाऊन येतो, मग बघू." सौ. म्हणाली, "आधी हा कागद, मग विमान." त्या दुपारी आम्ही अटकेनंतर तब्बल बावन्न दिवसांनी पहिल्यांदा वकिलाला फोन केला.

वकीलबाईंनी शांतपणे सांगितले ते असे. समन्स रीतसर पाठवलेले असताना हजर राहिला नाहीत, तर सुनावणी तुमच्या गैरहजेरीत होऊ शकते आणि तुमच्या नावे वॉरंट निघू शकते. ते वॉरंट पोलिसांच्या देशभरच्या संगणकात गेले, की दुसऱ्या राज्यात साधा टेल लाइट बंद म्हणून थांबवले तरी ते समोर येते. आणि तुम्ही ग्रीन कार्डवर आहात. बाहेरून विमानाने येताना पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या पडद्यावरही ते दिसते. म्हणजे आईला भेटून आल्यावर विमानतळावरूनच घरी जाण्याऐवजी दुसरीकडे जायची वेळ.

"मग मी जाऊच नको का?" मी विचारले. माझा आवाज बहुधा फुटला असावा.

"जा ना," त्या म्हणाल्या. "पण विचारून जा."

हाच या लेखाचा सारांश आहे. वाचक इथे थांबले तरी चालेल.

बुधवारी सकाळी मी पोलिस ठाण्यात जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो. वकिलांनी न्यायाधीशांच्या कचेरीकडे तारीख पुढे ढकलण्याचा अर्ज केला, सोबत आईच्या डॉक्टरांचे पत्र आणि परतीचे तिकीट जोडले. संध्याकाळपर्यंत १६ जानेवारी ही नवी तारीख लेखी मिळाली. दोन महिने ज्या गोष्टीने झोप उडवली होती, ती दीड दिवसात मार्गी लागली. गुरुवारी मी नेवार्कहून निघालो, तो कागद पासपोर्टच्या पाकिटात घेऊन.

तीन आठवडे आईजवळ होतो. तिला काहीच सांगितले नाही. ते मात्र लपवले आणि त्याचा मला पस्तावा नाही. परत येताना नेवार्कला अधिकाऱ्याने मला बाजूच्या खोलीत बसवले. अटकेची नोंद दिसत होती. त्याने विचारले, मी खरे ते सांगितले आणि कागद पुढे केला. पाऊण तासाने त्याने पासपोर्ट परत दिला. तो कागद नसता आणि पडद्यावर वॉरंट असते, तर त्या पाऊण तासाचे काय झाले असते याचा विचार मी फारसा करत नाही.

१६ जानेवारीला जामिनाच्या अटींचा कागद हातात आला. त्यात राज्याबाहेर जाण्यापूर्वी परवानगी घेण्याची अट होती. वकिलांनी नोकरीसाठी न्यू जर्सीची मुभा तिथेच लिहून घेतली. आम्हाला हे सुचलेही नसते. पूल ओलांडणे म्हणजे अट मोडणे हे कोणाच्या लक्षात येणार? फेब्रुवारीत आई गेली. फोन आला तेव्हा इकडे रात्र होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परवानगी मिळाली आणि मी निघालो. अंत्यदर्शन आपल्यापैकी फार थोड्यांच्या नशिबी असते. पण दहाव्याला मी हजर होतो. डिसेंबरमध्ये वॉरंट ओढवून घेतले असते, तर फेब्रुवारीत मला कोणत्या तोंडाने परवानगी मागता आली असती?

खटल्याचा शेवट सांगायला हवा. माझ्या रक्तात ०.११ टक्के मद्यार्क निघाला. पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदाच सापडलेल्या आणि कोणाला इजा न केलेल्या माणसासाठी ए.आर.डी. नावाची सोय आहे. त्यात गुन्हा कबूल करावा लागत नाही, पण काही महिने देखरेखीखाली राहावे लागते, साडेबारा तासांचा वर्ग पूर्ण करावा लागतो आणि ०.१० ते ०.१६ च्या टप्प्यात तीस दिवस लायसन्स जाते. ते तीस दिवस मी सहकाऱ्याच्या गाडीतून ऑफिसला गेलो. नीट पार पडले तर फौजदारी नोंद पुसून मिळते, पण वाहन खात्याकडे ती दहा वर्षे राहते. वकील, कोर्टाचे शुल्क, वर्ग, गाडी ओढून नेल्याचे पैसे आणि वाढलेला विमा मिळून माझा हिशेब आठ हजार डॉलरच्या वर गेला. खजिनदार असल्यामुळे पावत्या ठेवल्या आहेत.

आता दुसरी एक गोष्ट. आमच्या ओळखीतला एक मुलगा, एच-१बी वर, २०१९ मध्ये न्यू जर्सीत पकडला गेला. त्याला सर्वांनी 'ट्रॅफिक' म्हणून धीर दिला आणि कोर्टापुरते ते खरे ठरले. पण व्हिसाचे गणित वेगळे असते. २०१५ पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे धोरण असे आहे की गेल्या पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली असली तरी पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करता येतो. निकाल लागण्याची वाट पाहत नाहीत. इथे राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क त्याने आपोआप जात नाही, म्हणून माणसाला काही बिघडल्यासारखे वाटत नाही. पण एकदा देशाबाहेर पडले की परत यायला नवा व्हिसा लागतो, आणि त्यासाठी सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी लागते. या मुलाला व्हिसा रद्द झाल्याची ई-मेल आली होती. त्याने ती फसवणुकीची समजून पुसून टाकली आणि बहिणीच्या लग्नाला नाशिकला गेला. अकरा आठवडे तिथे अडकला. इकडे अपार्टमेंटचे भाडे, गाडीचा हप्ता आणि नोकरी टिकेल की नाही ही धास्ती. त्यालाही आधी कोणाला विचारायची लाजच वाटली होती.

या दोन्ही अनुभवांवरून, आणि नंतर मी जे शिकलो त्यावरून, चार गोष्टी सांगतो.

१. मुदती लगेच सुरू होतात. कोर्टाचा खटला एक आणि लायसन्सचा वाहन खात्याकडचा मामला दुसरा. कॅलिफोर्नियात पोलिस बहुधा लायसन्स तिथेच काढून घेतात आणि तीस दिवसांचे कागदी लायसन्स देतात. ते वाचवण्यासाठी सुनावणी मागायची असेल तर मुदत फक्त दहा दिवस. टेक्सासमध्ये पंधरा. 'कोर्टाची तारीख दोन महिन्यांनी आहे, तोवर जाऊन येऊ' म्हणणारा माणूस परत येतो तेव्हा ही मुदत संपलेली असते.

२. सुटकेच्या कागदावरची प्रत्येक ओळ वाचा. कोणाला राज्याबाहेर जायला काहीच अट नसते, कोणाला परवानगी लागते, कोणाचा पासपोर्ट जमा असतो, कोणाला थेंबभर दारूही चालत नाही. जामीन एजंटामार्फत असेल तर त्याच्या अटी आणखी वेगळ्या. किरकोळ गुन्ह्यात काही राज्यांत तुमच्याऐवजी वकील हजर राहू शकतो, काही ठिकाणी स्वतःच जावे लागते. हे गृहीत धरू नका, आणि परवानगी मिळाली तर ती लेखी घ्या व जवळ ठेवा.

३. एका राज्याने लायसन्स रोखले म्हणजे शेजारच्या राज्यात चालवता येईल हा भाबडा हिशेब करू नका. बहुतेक राज्ये आपापसातल्या करारानुसार ही माहिती एकमेकांना कळवतात. भाड्याची गाडी देणाऱ्या कंपन्याही लायसन्स चालू आहे का ते पाहतात. पेनसिल्व्हेनियात या कारणासाठी लायसन्स रोखलेले असताना गाडी चालवली तर किमान साठ दिवसांचा तुरुंगवास आहे. कोर्टाने गाडीत फुंकायचे यंत्र बसवायला सांगितले असेल, तर ते नसलेली भाड्याची गाडी सुट्टीतही चालवता येत नाही. आणि विमानाने जायचे असेल तर पासपोर्ट जवळ ठेवा. ७ मे २०२५ पासून विमानतळावर रिअल आयडीचा नियम लागू आहे आणि तात्पुरते कागदी लायसन्स तिथे ओळखपत्र म्हणून चालत नाही.

४. नायगारा! भारतातून आईवडील आले की आपण त्यांना नायगाराला नेतो आणि 'कॅनडाच्या बाजूने छान दिसतो' म्हणून पूल ओलांडतो. कॅनडाने १८ डिसेंबर २०१८ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षे केली आहे, म्हणजे तो त्यांच्या लेखी गंभीर गुन्हा आहे. इथे एकदा दोषी ठरलेल्या माणसाला तिथे प्रवेश नाकारतात आणि खटला चालू असतानाही सीमेवरचा अधिकारी परत पाठवू शकतो. मागे म्हातारे आईवडील बसलेले असताना हा संवाद व्हावा असे कोणाला वाटेल? ज्यांच्याकडे ग्लोबल एंट्री आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावे की खटला प्रलंबित असला तरी ती जाऊ शकते.

व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर आपली स्थिती वकिलाला पहिल्याच फोनवर सांगा. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडिया खटल्यात असा निर्णय दिला की नागरिक नसलेल्या अशिलाला गुन्हा कबूल केल्यास देशातून काढले जाण्याचा धोका आहे का, हे सांगणे फौजदारी वकिलाचे कर्तव्य आहे. पण आपण नागरिक नाही हे त्याला कळले तर तो सांगणार. आणि नागरिकत्वाच्या अर्जात अटक विचारतात, नुसती शिक्षा नव्हे. नोंद पुसली गेली असली तरी ती लिहावी लागते. मी लिहिली, कागद जोडले आणि २०२१ मध्ये शपथ घेतली. लपवली असती तर मूळ गुन्ह्यापेक्षा खोटे बोलणे महागात पडले असते.

आरोग्याचे सदर आहे, तर एक हिशेब तब्येतीचाही. इथल्या डॉक्टरी भाषेत 'एक ड्रिंक' म्हणजे सुमारे १४ ग्रॅम मद्यार्क, व्हिस्कीचा दीड औंस, म्हणजे ४४ मिलिलिटर. आपला लार्ज पेग ६० मिलिलिटरचा. म्हणजे आपले दोन लार्ज हे इथले जवळजवळ तीन, आणि घरच्या पार्टीत मापाने ओततो कोण? शरीर साधारण तासाला एक ड्रिंक, एवढ्याच वेगाने ते जिरवते. कॉफी, लिंबूपाणी, ताक, थंड पाणी यांनी तो वेग वाढत नाही. पोट भरलेले असेल तर चढायला वेळ लागतो, उतरायला नाही. माझे तीन पेग सुमारे साडेचार ड्रिंक होते. यूटा राज्यात २०१८ च्या अखेरीपासून मर्यादा ०.०५ आहे, बाकी सगळीकडे ०.०८. पण खरी मर्यादा किल्ली हातात घेण्यापूर्वीच ठरवायची असते.

माझे मत स्पष्ट आहे. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची कीव करावी असे मी म्हणत नाही. दंड झाला तो योग्यच झाला. पण आपल्या समाजात या विषयाच्या दोनच जागा आहेत: पार्टीत विनोदाची आणि पार्टीनंतर कुजबुजीची. या दोन्हींमध्ये माणसाला खरी माहिती मिळत नाही. तो घाबरून गप्प बसतो, पाकिटे उघडत नाही आणि जे काम एका फोनने झाले असते त्याचे वॉरंट करून घेतो. चूक एका रात्रीची असते. ती लपवण्यासाठी केलेला प्रवास तिला वर्षानुवर्षे मागे लावतो. कोर्ट आई आजारी असलेल्या माणसाला सहसा अडवत नाही. न सांगता गेलेल्या माणसाला मात्र माफ करत नाही. अर्ज करणाऱ्याला 'नाही' ऐकावे लागेलही कधी. तरीही पळून गेल्यासारखे दिसण्यापेक्षा ते 'नाही' बरे.

काही जण म्हणतील, हे सगळे मंडळाच्या अंकात कशाला छापायचे? मुले वाचतात. वाचू द्या. माझी मोठी आता कॉलेजात आहे. गेल्या वर्षी मी तिला ही हकीकत पूर्ण सांगितली. ती म्हणाली, "बाबा, हे आधी सांगायला हवं होतं." तेव्हाच हा लेख लिहायचे ठरले.

मंडळाच्या कार्यकारिणीला माझी एक सूचना आहे. दिवाळी आणि एकतीस डिसेंबरच्या पार्ट्यांच्या आमंत्रणात 'काय आणावे' याच्या यादीखाली एक ओळ घालावी: परतीची गाडी कोण चालवणार? आणि यजमानांनी दारातच किल्ल्या ठेवायला एक परडी ठेवावी. आमच्या घरी ती आहे. पाहुण्यांना सुरुवातीला थोडे विचित्र वाटते, मग सवय होते.

कोणाच्या घरी असे पाकीट न उघडता पडले असेल तर आज रात्रीच उघडा. आणि ते वाचून झाल्यावर फोन करावासा वाटला तर मला करा. मी कोणाला सांगणार नाही, पण 'काही होत नाही, खुशाल फिर' असेही म्हणणार नाही.